शेततळ्यातली दिवाळीनंतरची मर: हळद-लसूण देऊनही का थांबत नाही?

"दादा, हळद टाकली, लसूण टाकला, तरी मर थांबना." थंडी पडायला लागली की शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांची ही तक्रार जालन्यापासून उदगीरपर्यंत सगळीकडे सारखीच ऐकू येते. तपशीलही सारखे असतात. श्रावणात बोटुकली (बोटाएवढं मत्स्यबीज) सोडली, दसऱ्यापर्यंत मासे खाद्यावर तुटून पडत होते, दिवाळी झाली, रात्री गार पडल्या आणि आठ-पंधरा दिवसांत कुठल्याशा रोहूच्या अंगावर लाल ठिपका दिसला. ठिपक्याची जखम झाली, जखमेवर कापसासारखी बुरशी आली, आणि वाऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात रोज मेलेले मासे लागायला लागले. मग कोणीतरी सांगतं, हळद द्या. होळीपर्यंत मर आपोआप थांबते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हळद, लसूण, यीस्ट यांत दम नाही असं माझं म्हणणं नाही. दम आहे, आणि तो प्रयोगांत दिसलेला आहे. पण ही जखम भरून काढणारी औषधं नव्हेत. ती माशाच्या अंगातली लढणारी फौज जागी ठेवतात, आणि ती जागी व्हायला दोन-तीन आठवडे खाद्यातून रोज पोटात जावी लागतात. आपल्याकडे ती सुरू होतात पहिला मासा मेल्यावर, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला. त्यातही गोची अशी की पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की रोहू, कटला, मृगळ यांचं खाणं एकदम कमी होतं आणि आजारी मासा तर तोंडच लावत नाही. तुम्ही खाद्यात काहीही मिसळा, ते तळाशी जाऊन कुजतं.

आधी बघा, दुखणं नक्की हेच आहे का

सगळी मर थंडीच्या जखमांची नसते. पहाटे पाच-सहाला काठावर जाऊन उभे राहा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर तुमचा प्रश्न प्राणवायूचा आहे. विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर हवा, 3 च्या खाली गेला की मासा रोज रात्री गुदमरतो आणि सकाळी सावरतो. रोज असं होणाऱ्या माशाच्या अंगात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, वाढलेलं राहतं आणि तेच प्रतिकारशक्ती दाबून टाकतं. अशा तळ्यात लसूण देणं म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. शेतीची थ्री-फेज लाईट बऱ्याच ठिकाणी आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री असते. ज्या आठवड्यात ती दिवसा असते त्या आठवड्यातल्या पहाटा जास्त धोक्याच्या, कारण पाण्यात हवा मिसळणारा पंखा किंवा मोटर चालवायला रात्री लाईटच नसते. मर याच आठवड्यांत वाढते का, हे कॅलेंडरवर खूण करून बघा. बऱ्याच जणांना उत्तर तिथेच सापडतं.

मासे तळ्याच्या प्लास्टिक कागदाला अंग घासत असतील, पाण्यातून उसळत असतील, तर दोन-चार पकडून बारकाईने बघा. कल्ल्यांच्या मागे, परांच्या मुळाशी नखाएवढी चपटी, काचेसारखी आरपार दिसणारी ऊ चिकटलेली असते. ही अर्गुलस. तिच्या टोचणीच्या जागीच पुढे जखम होते आणि आपण जखमेवर उपाय करत बसतो. तिला टणक जागेवर अंडी घालायला आवडतं. म्हणून पाण्यात बांबू किंवा फळ्या उभ्या सोडायच्या, काही दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवायच्या, पुन्हा सोडायच्या. शेततळ्यात दुसरी टणक जागा फारशी नसल्यामुळे ही युक्ती इथे मातीच्या तळ्यापेक्षा चांगली चालते. ऊ मारायला पिकावरचं कीटकनाशक अंदाजाने ओतणारे आहेत. त्यांच्या तळ्यात ऊ मरते, मासाही मरतो.

तिसरी तपासणी पोत्याची. शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात ओल धरते, हिरवी-पिवळी बुरशी येते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृत खराब करतं आणि प्रतिकारशक्ती खाली आणतं. बुरशी आलेली पेंड "जनावर खात नाही, मासे खातील" म्हणून शेततळ्यात जाते. ती उकिरड्यावर टाका. उन्हात वाळवून बुरशी मरेल, विष मरत नाही. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, तीही एकटीच भरमसाट देऊ नये. आणि लातूर भागात सोयाबीन घरचं म्हणून कच्चंच भरडून देतात, त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. भाजून द्या नाहीतर पेंडच वापरा.

चुन्याबद्दल मुद्दाम वेगळं सांगतो, कारण "चुना मारा" हा सल्ला आपल्याकडे डोळे झाकून दिला जातो. तो आम्लधर्मी मातीच्या तळ्यांसाठी ठीक आहे. आपल्या बोअरचं पाणी मुळात जड आणि अल्कधर्मी, त्यात तळ्याला प्लास्टिकचा कागद, म्हणजे मातीचा संबंधच नाही. पाणी हिरवंगार असेल तर दुपारी सामू (पीएच) 9 पर्यंत जातो. माशाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून निघालेल्या अमोनियातला विषारी भाग 25 अंशांना सामू 8 असताना सुमारे 5 टक्के असतो, सामू 9 झाला की एक तृतीयांशाच्या वर जातो. अशा पाण्यात चुना टाकणं म्हणजे अमोनियाला धार लावणं. सामू मोजायची पट्टी कृषी केंद्रात किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. दुपारी तीनला मोजा, 8.5 च्या वर असेल तर चुन्याची पिशवी बाजूला ठेवा आणि थोडं पाणी बदला.

हळद पाण्यात नाही, पोटात

मागेल त्याला शेततळे योजनेतलं 30 बाय 30 बाय 3 मीटरचं तळं दीडास एक उताराने खणलेलं असेल, तर काठोकाठ भरल्यावर त्यात 20 लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा इतका कामाचा आहे. त्यात 50 किलोचं मिठाचं पोतं ओतलं तर लिटरला 25 मिलिग्रॅम मीठ वाढतं. माशाला त्याचा पत्ताही लागत नाही. 5 किलो हळद ओतली तर लिटरला अडीच मिलिग्रॅम, आणि हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, उन्हात मोडतं, बाकीचा भुगा तळाशी बसतो. पाणी दोन दिवस पिवळं दिसतं, तेवढंच समाधान.

कडुनिंबाच्या पाल्याची पोती बुडवून ठेवणं त्याहून वाईट. पाला कुजताना प्राणवायू ओढतो, आणि निंबातली द्रव्यं माशाला आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना त्रासदायक ठरू शकतात.

माशाला आपल्यासारखा अस्थिमज्जा नसतो. त्याच्या लढाऊ पेशी डोक्यामागच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात आणि प्लीहेत तयार होतात. अंगावरचा बुळबुळीत थर ही पहिली तटबंदी, त्यात जंतू फोडणारं लायसोझाइम असतं. पुढची फळी जंतू गिळणाऱ्या पेशींची. नेमका जंतू ओळखून प्रतिपिंडं तयार करणारी तिसरी फळी माशात मुळातच संथ, गार पाण्यात ती फार उशिरा जागी होते. म्हणजे हिवाळ्यात मासा जगतो तो पहिल्या दोन फळ्यांवर, आणि हळद, लसूण, यीस्ट काम करतात त्या याच फळ्यांवर. यीस्टच्या पेशीभित्तीतलं बीटा-ग्लुकन बुरशीच्या भित्तीसारखंच असतं. गिळणाऱ्या पेशींना वाटतं शत्रू आला, त्या तयारीत येतात, लायसोझाइम वाढतं. रोहूला खाद्यातून लसूण आणि हळद देऊन नंतर एरोमोनास हायड्रोफिला हा जंतू टोचल्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. त्यांत न दिलेल्या माशांपेक्षा दिलेले मासे जास्त जगले. मात्र जंतू टोचला तो लसूण-हळद आठवडेच्या आठवडे खाऊ घातल्यानंतर.

आता तो बुळबुळीत थर. दर रविवारी पाहुण्यांना दाखवायला जाळं ओढणारे लोक तो खरवडून काढतात. थंडीत नमुना बघायचाच असेल तर मऊ, गाठ नसलेलं जाळं वापरा, हात ओले करा, आणि शेजाऱ्याचं जाळं तसंच उचलून आणू नका. हिवाळ्यातल्या जखमांचा जो मोठा रोग आहे, एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, तो आपल्या देशात 1988 मध्ये आला आणि अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसारख्या जिवामुळे होतो. ओलं जाळं, नदीचं गाळलेलं नसलेलं पाणी, हौसेने सोडलेला मरळ यांतून तो फिरतो. मरळ त्याला लवकर बळी पडतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तिलापिया बऱ्यापैकी टिकतात, म्हणून एकाच तळ्यात रोहू-मृगळ जखमी आणि सायप्रिनस धडधाकट असं चित्र दिसलं तर संशय याच रोगाचा धरा.

कधी द्यायचं

घटस्थापनेला सुरू करा आणि दिवाळीच्या आत संपवा. 21 दिवसांचा एक फेरा पुरे. त्या वेळी पाणी 25 अंशांच्या वर असतं, मासे भरपूर खातात, आणि परभणीचा पारा एक आकडी होईपर्यंत फौज तयार झालेली असते. फेरा संपला की साधं खाद्य. बारा महिने लसूण देत राहण्यात शहाणपण नाही. सतत दिल्यावर परिणाम ओसरत जातो, काही प्रयोगांत उलटाही झालेला आहे. मात्रेचंही तसंच, दुप्पट दिल्याने दुप्पट फायदा होत नाही, मधली मात्राच सरस ठरते.

दुसरा फेरा होळीच्या सुमारास. मराठवाड्यात थंडीपेक्षा उन्हाळा मासे जास्त मारतो, फक्त तेव्हा आपण उन्हाला दोष देतो आणि रोगाकडे लक्ष जात नाही. चैत्र-वैशाखात तळं निम्म्यावर येतं, तेवढेच मासे अर्ध्या पाण्यात राहतात, वर 42 अंशांचं ऊन. त्याआधी मासे तयार हवेत आणि संख्या कमी हवी. विकण्याजोगे मासे मार्चमध्येच काढून टाका, हा उपाय कुठल्याही चूर्णापेक्षा भारी आहे.

बीज सोडल्यावर लगेच द्यायचं का, असं विचारतात. पहिला आठवडा बोटुकलीला फक्त सावरू द्या, नंतर दोन आठवडे द्यायला हरकत नाही.

किती आणि कसं

900 चौरस मीटरच्या तळ्यात रोहू-कटला-मृगळ मिळून 900 ते 1000 मासे पुष्कळ झाले. चार-पाच हजार सोडलेले असतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी अर्धे मासे कमी करा. समजा 900 मासे आहेत आणि घटस्थापनेला सरासरी 150 ग्रॅम भरतात. एकूण 135 किलो वजन, त्याच्या 3 टक्के म्हणजे रोज 4 किलो खाद्य. किलोला 10 ग्रॅम लसूण धरला तर रोज 40 ग्रॅम, 21 दिवसांत 840 ग्रॅम. हळद किलोला 5 ग्रॅम, रोज 20 ग्रॅम, सगळी मिळून अर्धा किलोही नाही. इतकी स्वस्त गोष्ट वेळेवर होत नाही याचंच नवल वाटतं.

लसूण ठेचून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. त्यातलं अ‍ॅलिसिन ठेचल्यावरच तयार होतं, अख्ख्या पाकळीत ते नसतं. उकळू नका, परतू नका, कारण उष्णतेने ते जातं. हळद घरची दळलेली वापरा. हिंगोली-वसमत पट्ट्यात तर हळकुंडांची ददात नाही. रंग चढवलेल्या सुट्या पावडरीत लेड क्रोमेटची भेसळ असू शकते, आणि शिसं माशाच्या अंगातून तुमच्याच ताटात येईल. दोन्ही गोष्टी किलोला 20-25 मिली तेलात कालवून गोळी खाद्याला चोळा, अर्धा तास सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी टाका. तेलाचं काम दुहेरी आहे: कर्क्युमिन तेलात विरघळतं आणि गोळीला चिकटून राहतं.

पेंड-कोंडा देणाऱ्यांची अडचण वेगळी. भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगलं तर मासा येईपर्यंत निम्मा लसूण पाण्यात गेलेला असतो. त्या तीन आठवड्यांपुरतं पोतं सोडा. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवा, पूर्ण गार होऊ द्या, मग लसूण-हळद घालून पेंड-कोंड्याचे घट्ट गोळे करा आणि ते टोपलीत ठेवून पाण्यात सोडा. दोन तासांनी टोपली वर काढा. उरलं असेल तर उद्या कमी.

यीस्टचं म्हणाल तर मला ते हळदीपेक्षा जास्त पटतं, कारण त्याची प्रत सारखी मिळते. वाळवलेला ब्रूअर्स यीस्ट पशुखाद्यवाल्यांकडे मिळतो, किलो खाद्याला 10 ते 20 ग्रॅम. शुद्ध बीटा-ग्लुकन घेतलं तर किलोला 1 ग्रॅमच. लसूण आणि हळद जोडीने चालतात, पण त्यात यीस्ट, गुळवेल, तुळस, अश्वगंधा असं सगळं एकदम कोंबू नका. गुळवेल-अश्वगंधेवरही माशांत चांगले प्रयोग झालेत, पण आपण वाटलेल्या चूर्णात काय प्रमाणात काय आहे हे कळायला मार्ग नाही.

क जीवनसत्त्व मात्र सगळ्यांनीच द्यावं. रोहू-कटल्यासारखे मासे ते अंगात तयार करू शकत नाहीत. कमी पडलं तर जखमा भरत नाहीत, पाठीचा कणा वाकडा होतो. मेडिकलमधल्या साध्या गोळ्या पाण्यात आणि हवेत लवकर निकामी होतात, माशांसाठीचा टिकाऊ फॉस्फेट प्रकार मागा. किलो खाद्याला 250 मिलिग्रॅम शुद्ध क जीवनसत्त्व धरा. पुड्यावर 35 टक्के लिहिलं असेल तर वरच्या उदाहरणातल्या 4 किलो खाद्याला जवळजवळ 3 ग्रॅम पावडर लागेल. कंपनीचं पूर्ण गोळी खाद्य देत असाल, विशेषतः धरणातल्या पिंजऱ्यांत पंगस-तिलापियाला, तर पोत्यावरचं लेबल वाचा. क जीवनसत्त्व बहुधा आधीच घातलेलं असतं.

फरक पडला की नाही हे ओळखायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. दोन तळी असतील तर एकात द्या, दुसऱ्यात देऊ नका, आणि रोजची मर व सकाळी सातचं पाण्याचं तापमान वहीत लिहा. दोन्हींत बीज एकाच गाडीतलं हवं. एकच तळं असेल तर मागच्या वर्षीच्या नोंदी लागतात, आणि त्या कोणाकडेच नसतात.

मर सुरू झालीच असेल तर

मग लसूण विसरा. मेलेले मासे रोज दोनदा काढून चुना टाकून खोल पुरा. कुत्री-घारींना टाकू नका, शेजारच्या तळ्यात तर मुळीच नको. खाद्य निम्मं करा आणि सकाळी आठऐवजी पाणी तापल्यावर, अकरा-बाराला द्या. थोडं ताजं पाणी सोडा. जखमांची मर असेल तर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने काढलेलं सीफॅक्स हे औषध वापरता येतं. त्याचं प्रमाण हेक्टर-मीटरला (एक हेक्टरवर एक मीटर खोल पाण्याला) 1 लिटर, म्हणजे भरलेल्या 30 बाय 30 च्या तळ्याला 200 मिली, भरपूर पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडायचं. पोटॅशियम परमँगनेट लिटरला 2 मिलिग्रॅम धरलं तर भरलेल्या तळ्याला 4 किलो लागतं. ते सकाळीच टाका आणि पंखा सुरू ठेवा, कारण शेवाळ मेलं की रात्री प्राणवायू खाली येतो. पाणी कमी झालं असेल तर दोन्हींची मात्रा त्या हिशेबाने कमी करायची, अंदाजाने नाही. कोंबड्यांची किंवा जनावरांची उरलेली अँटिबायोटिक खाद्यात घालू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर मत्स्यपालनात बंदच आहेत.

दोन-तीन दिवसांत मर कमी झाली नाही तर मासा तपासायला न्या. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, बाकी ठिकाणी आधी कृषी विज्ञान केंद्राला किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला फोन करा. मेलेला मासा पिशवीत घालून नेऊन उपयोग नाही, कारण दोन तासांत त्यावर इतके जंतू वाढतात की मूळचा कोणता ते कळत नाही. आजाराची लक्षणं असलेले दोन-तीन जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या बीजाच्या पिशवीत न्या. सोबत एका स्वच्छ बाटलीत तोंडापर्यंत भरलेलं तळ्याचं पाणी, खाद्याचा मूठभर नमुना आणि तुमची ती वही.